थंड इंजिनाची ऊब



नाशिक जिल्ह्यात निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या वेळी द्राक्षबागांतून शेकोट्या पेटलेल्या दिसतात. पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि माणसांप्रमाणे द्राक्षाच्या घडांनाही ऊब द्यावी लागते. अशाच एका पहाटे, साधारण पंचवीस वर्षांपूर्वी, आमच्या वस्तीवरच्या एका सुनेला कळा सुरू झाल्या. वस्तीवर गाडी एकच, आमच्या नानांची जुनी डिझेल जीप. नानांनी किल्ली फिरवली. इंजिन गरगर फिरले, मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला, पण काही केल्या पेट घेईना. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बॅटरीनेही मान टाकली. अखेर शेजारच्या आबांनी ट्रॅक्टर बाहेर काढला. तो दुसऱ्याच आचक्याला सुरू झाला. ट्रॉलीत पेंढा पसरला, त्यावर गोधड्या टाकल्या आणि बाईंना तालुक्याला नेले. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. पण त्या रात्री नाना जेवले नाहीत. "अरे, दिवाळीत तर चारही हीटर प्लग नवे घातले होते," एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

मी इतिहासाचा माणूस, इंजिनांचा नव्हे. पण त्या पहाटेने माझ्यापुढे दोन प्रश्न टाकले. डिझेल तेच, थंडी तीच. मग ट्रॅक्टर सुरू झाला आणि जीप का नाही? आणि हीटर प्लग, म्हणजेच ज्याला ग्लो प्लग म्हणतात तो, नवा असूनही निकामी कसा? त्यांची उत्तरे शोधता शोधता मी सव्वाशे वर्षे मागे गेलो. तीच हकिगत आज तुम्हांला सांगणार आहे.

आधी एक लहानसा प्रयोग. गुरुजनांनी तो वर्गात अवश्य करून दाखवावा. सायकलचा पंप घ्या, त्याचे तोंड अंगठ्याने दाबून धरा आणि दांडा दहा-वीस वेळा जोराने मारा. पंपाचा खालचा भाग गरम लागेल. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनाचे सारे रहस्य एवढेच. सिलिंडरातली हवा दट्ट्याने दाबून मूळ जागेच्या जवळजवळ विसाव्या हिश्शात कोंडायची. ती पाचशे अंशांच्या वर तापते. डिझेल तेल दोनशे-अडीचशे अंशांना आपोआप पेटते. तेव्हा अशा हवेत तेलाचा फवारा सोडला की भडका उडणारच. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडणारा प्लग असतो, तसा येथे लागत नाही.

हा विचार तडीस नेला रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने. जन्म पॅरिसचा, १८५८ सालचा, शिक्षण म्युनिकला. १८९३ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी ऑग्सबुर्गच्या यंत्रकारखान्यात त्याच्या पहिल्या इंजिनाची चाचणी झाली. पहिलाच स्फोट असा झाला की दाब मोजण्याचे उपकरणच उडून गेले. पुढे चार वर्षे खटपट करून फेब्रुवारी १८९७ मध्ये म्युनिकचे प्राध्यापक श्रोटर यांनी इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली, तेव्हा तेलातल्या शक्तीपैकी २६ टक्क्यांहून अधिक शक्ती कामाला लागली असे ठरले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना ह्याच्या निम्मी मजलही जेमतेम गाठता येई. बाहेरची बत्ती नको, ठिणगी नको. इंजिन आपल्याच दाबाने स्वतःला पेटवील, ही डिझेलची प्रतिज्ञा खरी ठरली. १९१३ च्या सप्टेंबरात बेल्जियमहून इंग्लंडला जाताना हा माणूस बोटीवरून नाहीसा झाला. त्याचे पुढे काय झाले ह्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात आपण शिरायला नको.

मात्र प्रतिज्ञेत एक मेख होती. ते इंजिन पुरुषभर उंचीच्याही वर, दहा फूट उंच. त्याला तेल फवारण्यासाठी दाबलेली हवा लागे आणि सुरू करण्यासाठीही दाबलेल्या हवेची टाकी. कारखान्यात ते शोभे, मोटारीत कसे बसावे?

आता इंग्लंडात चला. डिझेलच्या आधी, १८९० साली, हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट नावाच्या इंग्रजाने दुसऱ्याच वाटेने जाणारे तेलाचे इंजिन काढले होते. ग्रँथमच्या हॉर्नस्बी कंपनीने ते बाजारात आणले. ह्याने हवा फार दाबली नाही. त्याऐवजी सिलिंडराच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा बसवला आणि तो बाहेरून स्टोव्हच्या ज्योतीने लाल होईपर्यंत तापवला. गोळा तापला की चाक हाताने फिरवायचे. एकदा इंजिन चालले की आतल्या जळणानेच गोळा तप्त राही, मग स्टोव्ह विझवायचा. आपल्याकडे पिठाच्या गिरण्यांत आणि विहिरींवर 'पुक्‌ पुक्‌' करणारी जी जुनी क्रूड ऑइलची इंजिने होती, त्यांपैकी कित्येक ह्याच जातीची. गिरणीवाला सकाळी ज्योत लावून बसे आणि बायाबापड्या डबे घेऊन गोळा लाल होण्याची वाट पाहत, असे मी जुन्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. जर्मनीत मानहाइम येथे १९२१ पासून निघालेला 'लान्झ बुलडॉग' ट्रॅक्टरही असाच ज्योतीने तापवावा लागे.

म्हणजे एक म्हणतो, दाबानेच पेटवीन. दुसरा म्हणतो, आधी शेकून घे. पाठ्यपुस्तकांत पहिला राहिला, दुसरा गळाला. माझ्या मते हा न्याय अर्धवट आहे. तुमच्या-आमच्या डिझेल मोटारीत दोघेही बसलेले आहेत. ते एकत्र कसे आले, ते पाहू.

दोघांना शेजारी आणणारा माणूस म्हणजे प्रॉस्पर लोराँज. हा जन्मला बैरूतला आणि काम केले मानहाइमच्या बेंझ कंपनीत. १९०९ मध्ये त्याने सिलिंडराच्या माथ्यावर एक छोटी खोली काढण्याचे पेटंट घेतले. तेल थेट सिलिंडरात न सोडता ह्या खोलीत सोडायचे. तिथे थोडे पेटले की उरलेले त्याच धक्क्याने खाली फवारले जाते. हवेचे अवजड यंत्र गेले, साधा पंप पुरला. इंजिन लहान झाले, वेगाने फिरू लागले, आवाजही मऊ झाला. १९२३ मध्ये बेंझची डिझेल मालमोटार तयार झाली, ती ह्याच जोरावर.

पण ह्या खोलीने नवेच दुखणे आणले. लहान खोलीच्या भिंती हवेची उष्णता फार लवकर शोषून घेतात. रात्रभर गारठलेल्या लोखंडात हवा कितीही दाबा, ती पुरेशी तापतच नाही. त्यात थंडीत इंजिनातले वंगण घट्ट होते, बॅटरी मंदावते, इंजिन हळू फिरते आणि दाबलेली हवा दट्ट्याच्या कडेने निसटते. तेल पडते, पण न जळताच पांढरा धूर होऊन बाहेर जाते. नानांच्या जीपमधून निघाला तो हाच धूर. आबांच्या ट्रॅक्टरमध्ये अशी खोलीच नव्हती. तेथे तेल थेट दट्ट्याच्या माथ्यावरच्या खळग्यात पडे, उष्णता कमी वाया जाई. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर कारखान्याची पाण्यावरची इंजिने तुम्ही हँडल मारून सुरू केली असतील. त्यांना हीटर प्लग नसतो, त्याचेही कारण हेच. तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

खोली तापवायची कशी? लोकांनी नाना उपाय केले. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद पेटवून, तो धुमसत असतानाच एका पोकळ स्क्रूमधून सिलिंडराच्या माथ्यात खुपसायचा, ही युक्ती काही युरोपीय ट्रॅक्टरांत पुष्कळ वर्षे चालली. इंग्लंडचा 'फील्ड मार्शल' ट्रॅक्टर दुसऱ्या महायुद्धानंतरही असाच सुरू करीत. शिवकाळातल्या तोड्याच्या बंदुकीला जो धुमसता तोडा असे, त्याचाच हा यंत्रयुगातला भाऊबंद म्हणा ना! पण मोटार चालवणाऱ्या सद्गृहस्थाने रोज सकाळी कागद पेटवत बसावे, हे काही जमण्यासारखे नव्हते.

म्हणून विजेची तार आली. खोलीच्या भिंतीत एक स्क्रू, त्याच्या टोकाला जाड तारेचे वेटोळे, बॅटरीचा प्रवाह सोडला की वेटोळे लाल. हाच ग्लो प्लग. हा ठिणगी पाडत नाही, बरे का; हा फक्त शेकतो. अक्रॉइड स्टुअर्टचा तापता गोळाच बोटाएवढा होऊन डिझेलच्या इंजिनात येऊन बसला! फेब्रुवारी १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात 'मर्सिडीज-बेंझ २६० डी' ही मोटार मांडली गेली: चार सिलिंडर, अडीच लिटरांचे इंजिन, ४५ अश्वशक्ती. १९४० पर्यंत ह्या मोटारी सुमारे दोन हजार झाल्या. त्यांतल्या पुष्कळ टॅक्सीवाल्यांनी घेतल्या, कारण तेलाचा खर्च कमी. आधी प्लग तापवायचे, मग स्टार्टर मारायचा, हा डिझेल मोटारीचा शिरस्ता तेथून पडला.

आपल्याकडे टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी बांधायला घेतल्या. त्या पहिल्या गाड्यांची इंजिनेही अशा खोलीचीच होती. पुढे १९८० च्या सुमारास डिझेलच्या अँबॅसडर आणि जीपगाड्या आल्या, तेव्हा 'हीटर मारणे' हा शब्दप्रयोग वडापवाल्यांच्या तोंडी पक्का बसला.

जुन्या उघड्या वेटोळ्याच्या प्लगांची जोडणी एकामागून एक अशी असे. दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसारखी: एक गेला की सगळे अंधारात. नंतर पेन्सिलीसारखा बंद नळीचा प्लग आला. आत तार, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली पूड, बाहेर उष्णता सोसणाऱ्या धातूचे कवच. ह्यांना बॅटरीचे बारा व्होल्ट वेगवेगळे पोचतात, म्हणून एक मेला तरी बाकीचे काम करतात. सोय झाली खरी, पण दोष लपायलाही जागा झाली. चारांतला एक गेला तर गाडी थोडी खोकते, थरथरते आणि चालू लागते. मालक म्हणतो, थंडी फार आहे.

आता दुसरा प्रश्न. दुसऱ्या दिवशी वस्तीवर एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांच्या हातात बारा व्होल्टचा एक साधा बल्ब आणि दोन तारा. आधी त्यांनी चारही प्लगांना जोडणारी पट्टी काढून ठेवली. हे फार महत्त्वाचे, कारण पट्टी राहिली तर एका प्लगची परीक्षा घेताना चारांचा प्रवाह एकत्र दिसतो. मग बल्बची एक तार बॅटरीच्या अधिक टोकाला लावली आणि दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला टेकवली. बल्ब चारही वेळा लागला. म्हणजे आतली तार कुठेच तुटलेली नव्हती. मीटर असता तर त्यावर सुमारे एक ओहम दिसला असता. तुटलेल्या प्लगला काटा हलतच नाही. मग मिस्त्रींनी बल्बची एक तार इंजिनाच्या लोखंडाला जोडली, दुसरी प्लगांकडे येणाऱ्या वायरीला, आणि नानांना हीटर मारायला सांगितले. अंधार! प्लग धडधाकट होते, त्यांच्यापर्यंत वीजच येत नव्हती. वायर चाचपत ते मागे मागे गेले, तेव्हा फ्यूजची पट्टी हिरव्या गंजाने खाल्लेली सापडली. दिवाळीत काढून डब्यात टाकलेले जुने प्लग आणवले, तर त्यांतले तीन चांगले निघाले. दोष पट्टीचा, शिक्षा प्लगांना. दिवाळीनंतरचे दिवस उबदार होते, म्हणून महिनाभर कोणाच्या लक्षात आले नाही.

बल्ब लागला म्हणजे प्लग उत्तमच, असेही नव्हे, हे त्याच मिस्त्रींनी सांगितले. अशक्त झालेल्या प्लगमध्येही प्रवाह वाहतो. खात्री करायची तर तो बाहेर काढून, शेगड्यात आवळून, बारा व्होल्ट द्यावेत आणि काही सेकंदांत टोक आधी लाल होते का ते पाहावे. हातात धरू नये, भाजेल. टोक वितळलेले किंवा खाल्लेले दिसले तर नवा प्लग घालून थांबू नये. तेल फवारणाऱ्या नोझलचा दोष बहुधा त्यामागे असतो.

काढण्याची तऱ्हा तर फारच नाजूक. वर्षानुवर्षांची काजळी प्लगला धरून बसते. आधी भोवतालची माती झाडावी, नाहीतर ती आत पडेल. आट्यांवर तेल सोडून मुरू द्यावे, इंजिन कोमट असताना पाना लावावा, अडले तर पुढेमागे फिरवीत काढावे. जोर केला आणि प्लग आतच तुटला, तर सिलिंडराचे डोके उतरवण्याची पाळी येते. म्हणजे शंभराच्या कामाला हजार. बसवतानाही बेताने आवळावा. आणखी एक सावधगिरी: हल्लीच्या पुष्कळ मोटारींत प्लग चार-पाच किंवा सात व्होल्टांचे असतात, त्यांचा प्रवाह संगणक ठरवतो. त्यांना जुन्या सवयीने सरळ बारा व्होल्ट लावले तर परीक्षेतच प्लग जायचा. ह्या नव्या इंजिनांत तेल पुन्हा थेट सिलिंडरात पडते, त्यामुळे साध्या थंडीत ती प्लगवाचूनही बहुधा सुरू होतात. तरी सुरू झाल्यावरही काही वेळ प्लग तापत ठेवतात, तो धूर आणि खडखडाट कमी व्हावा म्हणून.

नानांची जीप केव्हाच भंगारात गेली. त्या डब्यातला एक प्लग मात्र माझ्या टेबलावर आहे. औद्योगिक क्रांतीचा धडा आला की तो मी वर्गात नेतो, बॅटरीला जोडतो आणि खिडकी लावून घेतो. टोक तांबूस होते, मग केशरी होते. आणि दरसाल कोणी तरी मुलगा विचारतोच, "सर, पण ह्यातून ठिणगी कुठून निघते?" मग मी पिशवीतून सायकलचा पंप काढतो.