रिव्हॉल्व्हर, खिशातील

नागरी वेषात, इतरांच्या नजरेस न पडता नित्य जवळ बाळगता येईल अशा बेताच्या आकाराचे रिव्हॉल्व्हर. फिरत्या दंडगोलात पाच ते सात काडतुसे, सर्वसाधारणपणे ५ ते ८ सेंमी. लांबीची नळी आणि अर्ध्या किलोग्रॅमच्या आसपास वजन ही त्याची लक्षणे होत. सैनिकी रिव्हॉल्व्हर कमरपट्ट्याला उघडपणे लटकविले जाई; हे मात्र कोटाच्या वा पाटलोणीच्या खिशात ठेवले जाते आणि अकस्मात हल्ला झाल्यास काही हातांच्या अंतरावरून झाडले जाते. लपवून बाळगता येणे हा या शस्त्राचा मुख्य गुण होय. बाळगणाऱ्यास तो सोयीचा वाटला आणि शासनसंस्थेस तोच चिंतेचा वाटला. त्यामुळे या शस्त्राची रचना आणि त्यावरील निर्बंध यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे.

उगम : रिव्हॉल्व्हरपूर्वी प्रवासी व व्यापारी एकबारी पिस्तुले जवळ बाळगीत. एक बार उडाल्यावर ती पुन्हा नळीच्या तोंडातून भरावी लागत. फिलाडेल्फिया येथील हेन्री डेरिंजर याची तळहातात मावणारी पिस्तुले याच जातीची होती. १४ एप्रिल १८६५ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेले पिस्तूलही डेरिंजरचेच होते. सॅम्युएल कोल्ट याने फिरत्या दंडगोलाच्या रचनेचे एकस्व इंग्लंडमध्ये १८३५ साली आणि अमेरिकेत १८३६ साली मिळविले. न्यू जर्सी राज्यातील पॅटर्सन येथील त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. तथापि मेक्सिकोशी झालेल्या युद्धात लष्कराची मागणी आल्यामुळे त्याचा धंदा सावरला. हार्टफर्ड येथे तयार झालेल्या त्याच्या ‘१८४९ पॉकेट’ या ०·३१ इंच व्यासाच्या नमुन्याची तीन लाखांहून अधिक नगे १८७३ पर्यंत तयार झाली. कोल्टच्या मोठ्या सैनिकी नमुन्यांची कीर्ती अधिक असली, तरी सामान्य ग्राहकाने अधिक संख्येने विकत घेतले ते हे लहान शस्त्र. कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधात निघालेले लोक, नदीतील आगबोटींचे उतारू आणि वाढत्या शहरांतील दुकानदार हे त्याचे गिऱ्हाईक होते.

कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू, गोळी व आघाताने पेटणारी टोपी वेगवेगळी भरावी लागे. दमट हवेत ती दगा देई. कोल्टच्या एकस्वाची मुदत १८५७ मध्ये संपली आणि त्याच वर्षी मॅसॅचूसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील स्मिथ अँड वेसन या संस्थेने धातूच्या काडतुसाचे ०·२२ इंची, सात बारी रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. आरपार छिद्रांच्या दंडगोलाचे एकस्व रॉलिन व्हाइट याच्याकडे होते. ते १८६९ मध्ये संपताच अनेक कारखाने या धंद्यात उतरले आणि किंमती झपाट्याने उतरल्या.

रचनेतील सुधारणा : खिशात बाळगावयाच्या शस्त्रापुढे सैनिकी शस्त्राला न भेडसावणाऱ्या तीन अडचणी होत्या. पहिली वेगाची. कोल्टच्या रचनेत प्रत्येक बारापूर्वी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडम्स याने १८५१ मध्ये केवळ चाप ओढताच घोडा मागे जाऊन आपटेल अशी योजना केली. पुढे दोन्ही पद्धती एकत्र आल्या व लहान रिव्हॉल्व्हरमध्ये ही दुहेरी क्रिया रूढ झाली. दुसरी अडचण आकाराची. बर्मिंगहॅम येथील वेब्लीच्या कारखान्याने १८७२ मध्ये ‘ब्रिटिश बुलडॉग’ हे आखूड नळीचे व मोठ्या व्यासाचे पाच बारी रिव्हॉल्व्हर काढले. बेल्जियम व अमेरिका येथील कारखानदारांनी त्याच्या असंख्य नकला केल्या.

तिसरी अडचण सर्वांत बिकट होती. खिशातून शस्त्र काढताना घोड्याचे टोक कापडात अडके. शस्त्र हातातून पडले की घोड्यावर आघात होऊन बार उडे. म्हणून जाणकार लोक घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवीत. स्मिथ अँड वेसनने १८८७ मध्ये घोडा पूर्णपणे चौकटीच्या आत झाकला आणि मुठीच्या मागे एक कळ बसविली. मूठ घट्ट आवळल्याखेरीज बार उडत नसे. आयव्हर जॉन्सन या कारखान्याने १८९० नंतरच्या दशकात चाप ओढल्याशिवाय घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचणार नाही अशी रचना रूढ केली आणि तिची भरघोस जाहिरात केली. फ्रान्समध्ये याच सुमारास सायकलस्वारांसाठी ‘व्हेलोडॉग’ हे छोटे रिव्हॉल्व्हर निघाले. रस्त्यावरील कुत्र्यांपासून बचाव हा त्याचा जाहीर हेतू होता.

विसाव्या शतकात कोल्टचे ०·३८ इंची, सहा बारी ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ (१९२७) आणि स्मिथ अँड वेसनचे पाच बारी ‘चीफ्स स्पेशल’ (१९५०) हे नमुने आदर्श ठरले. दोहोंची नळी सु. ५ सेंमी. लांबीची होती. साध्या वेषातील पोलिसांबरोबरच नागरिकांनीही ते स्वीकारले. ॲल्युमिनियमच्या चौकटीमुळे पुढे वजन आणखी घटले, तर १९६५ मध्ये आलेल्या अगंज पोलादामुळे घामाने गंजण्याची तक्रार दूर झाली. वजन घटले तसा धक्का वाढला. आखूड नळीमुळे नेम साधणे कठीण झाले आणि सरावावाचून हे शस्त्र जवळ बाळगणाऱ्यास त्याचा भरवसा धरता येत नाही, हे प्रशिक्षकांनी वारंवार सांगितले आहे. १९८० नंतर स्वयंभरण पिस्तुलांनी पोलिसांत रिव्हॉल्व्हरची जागा घेतली. नागरी वापरात मात्र साधेपणामुळे ते टिकून राहिले.

समाजातील प्रसार : अमेरिकेत यादवी युद्धानंतर (१८६१–६५) स्वस्त रिव्हॉल्व्हरचा सुळसुळाट झाला. टपालाने माल पाठविणाऱ्या व्यापारी संस्थांच्या सूचिपत्रांत ती घड्याळे व शिवणयंत्रे यांच्या शेजारी छापली जात. लपविता येणारी शस्त्रे टपालाने पाठविण्यास संघीय कायद्याने १९२७ मध्ये बंदी घातली. खाजगी वाहतुकीची पळवाट मात्र १९६८ पर्यंत उघडी होती. याच सुलभतेची दुसरी बाजू राजकीय हत्यांत दिसून आली. अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी बुलडॉग धर्तीच्या रिव्हॉल्व्हरने गोळ्या झाडण्यात आल्या. अध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांच्यावर ६ सप्टेंबर १९०१ रोजी हातरुमालाखाली लपविलेल्या आयव्हर जॉन्सन रिव्हॉल्व्हरने हल्ला झाला. त्या रिव्हॉल्व्हरची ख्याती तो बाळगणाऱ्याच्या सुरक्षिततेविषयीची होती.

ज्यांना शासनाचे संरक्षण मिळत नव्हते त्यांच्या दृष्टीने या शस्त्राचा अर्थ निराळा होता. मिसिसिपी राज्याने १८६५ मध्ये मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याविना शस्त्र बाळगण्यास मनाई केली. टेनेसी (१८७९) व आर्‌कॅन्सॉ (१८८१) या राज्यांनी सैनिकी नमुन्यांखेरीज इतर पिस्तुलांची विक्री बंद केली. सैनिकी नमुने महाग असल्याने गरिबांच्या, विशेषतः कृष्णवर्णीयांच्या आवाक्याबाहेर राहिले. पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी मेम्फिस येथे १८९२ मध्ये आपल्या मित्रांची जमावाने हत्या केल्यावर पिस्तूल विकत घेतले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर जानेवारी १९५६ मध्ये बाँब टाकण्यात आल्यावर त्यांनी ॲलाबॅमात शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सर्व अवलंबून असल्यास सर्वाधिक धोक्यात असलेला माणूसच वगळला जाऊ शकतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

अमेरिकेतील कायदा : शस्त्र लपवून बाळगण्यावरील बंदी रिव्हॉल्व्हरपेक्षा जुनी आहे. केंटकी व लुइझिॲना या राज्यांनी १८१३ मध्येच तसे कायदे केले. केंटकीच्या न्यायालयाने १८२२ मध्ये आपल्या राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरविला. परंतु ॲलाबॅमा व टेनेसी येथील न्यायालयांनी १८४० मध्ये अशी बंदी ग्राह्य मानली. शस्त्र उघडपणे बाळगणारा प्रामाणिक आणि लपवून बाळगणारा संशयास्पद, अशी त्या काळची सर्वसाधारण धारणा होती. न्यूयॉर्क राज्याने १९११ मध्ये ‘सलिव्हन कायदा’ करून लपविता येण्याजोगे शस्त्र घरी ठेवण्यासही परवाना आवश्यक केला. या कायद्याचा रोख स्थलांतरितांवर, विशेषतः इटालियनांवर आहे, अशी टीका तेव्हापासून होत आली.

पुढे प्रवाह उलटला. फ्लॉरिडा राज्याने १९८७ मध्ये ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकास परवाना देणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक केले. इतर अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. इलिनॉयने २०१३ मध्ये परवान्याची तरतूद केल्यावर लपवून शस्त्र बाळगण्यास संपूर्ण बंदी असलेले एकही राज्य उरले नाही. २०२४ पर्यंत २९ राज्यांनी तर परवान्याची अटच काढून टाकली. घरात स्वसंरक्षणार्थ पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. हा हक्क घराबाहेरही लागू असल्याचे २०२२ मध्ये ठरवून न्यायालयाने न्यूयॉर्कची विशेष कारण दाखविण्याची अट रद्द केली.

ब्रिटन : ज्या देशात बुलडॉग जन्मला तेथे नेमकी उलट वाटचाल झाली. १९०३ च्या पिस्तूल कायद्याने विक्रीवर सौम्य निर्बंध घातले. पहिल्या महायुद्धानंतर परत आलेली शस्त्रे व क्रांतीची धास्ती यांमुळे १९२० मध्ये पोलिसांचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. स्वसंरक्षण हे आरंभी ग्राह्य कारण होते. १९४६ मध्ये गृहमंत्र्यांनी ते सामान्यतः मान्य केले जाणार नसल्याचे जाहीर केले. डनब्लेन येथील शाळेतील हत्याकांडानंतर (१९९६) ग्रेट ब्रिटनमध्ये १९९७ साली पिस्तुले बाळगण्यास जवळजवळ संपूर्ण बंदी झाली. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र जिवास विशेष धोका असलेल्यांना वैयक्तिक संरक्षणार्थ शस्त्र मिळू शकते.

भारत : लिटनच्या कारकीर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास मनाई केली, यूरोपियनांना मात्र सूट होती. पिस्तूल खिशात घालून फिरणारा गोरा आणि परवान्यासाठी कचेरीत ताटकळणारा एतद्देशीय हा भेद अपमानास्पद वाटत असल्याने या कायद्यात सुधारणा व्हावी, असा ठराव राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात केला. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत नमूद करण्यात आला. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी त्यासाठी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. परकीय सत्तेने निःशस्त्र केलेल्या समाजाने हा हक्क मागणे स्वाभाविक होते; परंतु स्वतंत्र राज्यात आग्रह धरावयाचा तो व्यक्तीच्या हक्काचा नव्हे, तर राज्याच्या रक्षणार्थ शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. दुरुस्ती फेटाळण्यात आली.

शस्त्र कायदा, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. शस्त्र बाळगणे ही परवान्याधीन सवलत आहे, हे त्याचे सूत्र होय. एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून दोनवर आली. स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणाचा हक्क फौजदारी कायद्यात स्वतंत्रपणे मान्य आहे. भारतीय न्याय संहितेतील (१ जुलै २०२४ पासून लागू) कलमे ३४ ते ४४ त्यासंबंधीची आहेत. परंतु बचावाच्या हक्कातून शस्त्राचा हक्क निर्माण होत नाही. सामान्य परवान्यावर मिळणारे ०·३२ इंची रिव्हॉल्व्हर कानपूर येथील शासकीय कारखान्यात तयार होते. तेथेच २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे सु. ५०० ग्रॅ. वजनाचे, टायटॅनियम मिश्रधातूचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या संरक्षणार्थ म्हणून काढण्यात आले. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचारातील पीडितेला वृत्तपत्रांनी दिलेल्या ‘निर्भया’ या नावाशी त्याचे नाव जोडलेले होते. त्याची किंमत एक लाख रुपयांहून अधिक होती. बस वा आगगाडीतून कामावर जाणाऱ्या स्त्रीस ते परवडणारे नाही आणि सार्वजनिक सुरक्षिततेची शासनाची जबाबदारी व्यक्तीवर ढकलली जाते, असे आक्षेप तेव्हा घेण्यात आले.

परिणामांविषयीचे संशोधन : खिशातील शस्त्रामुळे बाळगणारा व समाज अधिक सुरक्षित होतो काय, हा प्रश्न अमेरिकेत दीर्घकाळ वादग्रस्त आहे. परवाने सुलभ केल्याने गुन्हे घटतात, असे प्रतिपादन जॉन लॉट व डेव्हिड मस्टर्ड यांनी १९९७ मध्ये केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००४ मध्ये उपलब्ध पुराव्यावरून कोणताही ठाम निष्कर्ष काढता येत नसल्याचे म्हटले. जॉन डॉनह्यू व सहकाऱ्यांच्या २०१९ मधील अभ्यासात, असे कायदे झाल्यावर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा सु. १३ ते १५ टक्क्यांनी अधिक आढळले. एखाद्या प्रसंगी शस्त्रामुळे प्राण वाचल्याची उदाहरणे या निष्कर्षांमुळे खोटी ठरत नाहीत. पण एका व्यक्तीचा लाभ आणि अनेकांनी शस्त्र बाळगल्याने होणारा एकूण परिणाम हे दोन वेगळे हिशेब आहेत. खिशातील रिव्हॉल्व्हर शंभर वर्षांपूर्वीच यांत्रिक दृष्ट्या बव्हंशी परिपूर्ण झाले होते. ते कोणाच्या खिशात असावे आणि हे कोणी ठरवावे, याविषयी मात्र लोकशाही देशांनी परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत.