पहिल्या बटणाला न उठणारा पीसी

गेल्या रविवारी नाशिकच्या घरी माळा साफ करायला चढलो आणि दोन तास तिथेच बसून राहिलो. कारण हाताला लागला आमचा पहिला पीसी, २००३ साली घेतलेला. कॅबिनेट पिवळं पडलंय, आत पालीची अंडी (हो, खरंच!).

या पीसीची एक खोड होती. हिवाळ्यात सकाळी बटण दाबलं की पंखा फिरायचा, दिवा लागायचा, मॉनिटर मात्र काळाठिक्कर. बंद करा, परत चालू करा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला गुणी बाळासारखा सुरू! दुपारी तर काही त्रासच नाही. दुरुस्तीवाले काका आले, रॅम काढून खोडरबराने पुसली, फॉर्मॅट मारला आणि गेले. पुढच्या थंडीत पीसी कायमचा बसला आणि घरात निकाल लागला, की दादाने गेम टाकून टाकून बिघडवला. दादा तेव्हा अकरावीत, मी दुसरीत. पुढची पाच वर्षं आमच्याकडे कॉम्प्युटर आला नाही.

परवा झाकण उघडलं तर प्रोसेसरभोवतीचे सात कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, त्यातल्या दोघांमधून तपकिरी चिकटा बाहेर आलेला.

आता थोडा इतिहास. या कपॅसिटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि द्रावणात भिजवलेला कागद यांची गुंडाळी असते. प्रोसेसरला दीडेक व्होल्टवर भरपूर करंट लागतो, आणि तो स्थिर ठेवायचं काम यांचं. १९९० च्या दशकाच्या शेवटी जपानी कंपन्यांनी पाण्याचं प्रमाण जास्त असलेलं द्रावण आणलं. स्वस्त, आणि अंतर्गत रोधही कमी. पण पाणी अ‍ॅल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सुटतो. ते थांबवायला द्रावणात योग्य रसायनं घालावी लागतात. ती चुकली की गॅस साठतो आणि डबी फुगते. द्रावण बिघडलं की रोध वाढतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो. म्हणून पहिल्या बटणाला व्होल्टेज डळमळतं. दोनचार प्रयत्नांत कपॅसिटर जरा गरम झाले की गाडी चालू. आमच्या दुपारचं कोडं सुटलं!

२००२ च्या सुमारास जगभर असे मदरबोर्ड मरायला लागले. फेब्रुवारी २००३ मध्ये 'आयईईई स्पेक्ट्रम'नेही बातमी दिली. त्या काळात फिरलेली कथा अगदी सिनेमाची: जपानी कंपनीतला एक शास्त्रज्ञ चीनमध्ये गेला, तिथून त्याचे सहकारी सूत्र घेऊन तैवानला पळाले, पण सूत्र अर्धवट होतं! आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवरही हीच कथा चालायची, आणि मीही ती तिखटमीठ लावून सांगितलीये. पण ती सगळी ऐकीव. आणि मुख्य म्हणजे सगळ्यात गाजलेल्या प्रकरणाला ती लागूच पडत नाही.

ते प्रकरण डेलचं. ऑप्टिप्लेक्स मशिनांच्या दुरुस्तीसाठी कंपनीने २००५ मध्ये ३० कोटी डॉलरचा खर्च दाखवला. २०१० मध्ये एका खटल्यातली कागदपत्रं उघड झाली, त्यात कळलं की मे २००३ ते जुलै २००५ या काळात बिघाडाचा धोका असलेली किमान १ कोटी १८ लाख मशिनं विकली गेली होती. आणि त्यातले सदोष कपॅसिटर होते निचिकॉनचे, म्हणजे खुद्द जपानी. मग कुठला चोर आणि कुठलं अर्धवट सूत्र?

त्याच प्रकरणातला सगळ्यात भारी किस्सा टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागाचा. तिथली मशिनं बंद पडली, तेव्हा कंपनीने तपासून कारण सांगितलं, की तुम्ही त्यांच्याकडून फार अवघड गणितं करून घेतलीत! माळ्यावर बसून फोनवर हे वाचलं आणि हसता हसता थांबलो. आमच्याकडे तेच झालं होतं की राव. फक्त गणिताच्या जागी गेम.

त्या सात कपॅसिटरचा फोटो काढून दादाला पाठवला, खाली सगळी हकिकत लिहिली. बराच वेळ काही नाही. रात्री साडेअकराला उत्तर आलं, दोनच शब्द:

"बाबांना दाखव."