सरकारला वेसण कोण घालणार? राजाजी, मसानी आणि स्वतंत्र पक्ष

घरात आजोबा असतील तर त्यांना एकदा विचारा, बजाज स्कूटर बुक केल्यावर किती वर्षं वाट बघितली होती? कारखान्याने किती स्कूटर बनवायच्या हे तेव्हा सरकारी लायसन्सवर ठरायचं. या कारभाराला ‘परमिट-लायसन्स राज’ हे नाव दिलं चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजींनी.

नुसतं नाव देऊन ते थांबले नाहीत. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसने नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला. शेतकऱ्याची जमीन सरकार हातात घेणार, अशी धास्ती पसरली. त्याच वर्षी, ऐंशी वर्षांच्या राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला.

आता गंमत बघा. राजाजी परंपरा आणि धर्म मानणारे. मद्रास प्रांताचे पंतप्रधान असताना १९३७ मध्ये त्यांनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली होती! आणि सरचिटणीस कोण, तर मुंबईचे माजी महापौर मिनू मसानी. आधी समाजवादी, नंतर पक्के व्यक्तिस्वातंत्र्यवादी. या दोघांचं जमलं कसं? एका मुद्द्यावर: सत्ता कुणाचीही असो, तिला मर्यादा हवी. मूळ तत्त्वं पाळा, बाकी विषयांवर ज्याचं मत त्याच्यापाशी, अशी मोकळीक पक्षात होती.

‘राजेरजवाड्यांचा नि शेठजींचा पक्ष’ ही टीका व्हायची, आणि ती अगदीच खोटी नव्हती. तरी १९६७ ला लोकसभेत ४४ जागा आल्या. १९७१ ला मात्र फक्त ८. १९७४ मध्ये पक्ष विलीन झाला. गोष्ट संपली?

नाही. १९७५ ला आणीबाणी आली. मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला. मसानी थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये जिंकले. सगळ्यांना एकाच सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही, असं न्यायालयाने सुनावलं. तेही आणीबाणी चालू असताना!

पुढे जनता सरकारच्या काळात, १९७८ मध्ये, ४४वी घटनादुरुस्ती झाली. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण जाऊन तिथे ‘सशस्त्र उठाव’ आलं. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा झाला. जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, हे पक्कं झालं. पण त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. स्वतंत्र पक्षाला जिव्हाळ्याचा होता, नेमका तोच!

म्हणजे वेसण परत आली, पण अर्धीच. आणि ती काही आपोआप आली नाही. कुणीतरी कोर्टाची पायरी चढलं, कुणीतरी तुरुंगात बसलं.

जाता जाता एक प्रश्न. नावडत्या सरकारला मर्यादा हवी, हे सगळेच म्हणतात. आपल्या आवडत्या सरकारलाही तीच वेसण हवी, असं तुम्ही म्हणाल का? विचार करा. भेटू पुढच्या भागात!