पदपथावरची प्रार्थना आणि दारापर्यंतचे अंतर

गर्भपात केंद्राच्या प्रवेशद्वारासमोरील सार्वजनिक पदपथावर उभे राहून प्रार्थना करणे आणि आत जाणाऱ्या स्त्रीशी बोलून तिला गर्भपातापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न करणे, हा अमेरिकेतील ख्रिस्ती गर्भपातविरोधी चळवळीचा गेल्या काही दशकांतील एक ठळक प्रकार होय. या बोलण्यास तेथे 'साइडवॉक कौन्सेलिंग', म्हणजे पदपथावरील समुपदेशन म्हणतात. भारतीय वाचकास हे दृश्य अपरिचित आहे. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या शिफारशींवरून भारतात १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला, आणि पुढे आपल्याकडील वाद प्रामुख्याने गर्भलिंगनिदानाभोवती फिरत राहिला. अमेरिकेत मात्र हा प्रश्न थेट दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला.

पार्श्वभूमी

२२ जानेवारी १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रो विरुद्ध वेड' खटल्यात गर्भपाताचा निर्णय घेण्याचा स्त्रीचा हक्क राज्यघटनेच्या संरक्षणाखाली आणला. गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीवन पवित्र आहे, ही कॅथलिक चर्चची शिकवण. पुढे इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटही मोठ्या संख्येने या भूमिकेकडे वळले. कायद्याची वाट बंद झाल्यावर अनेकांनी दवाखान्याची वाट धरली. मदर तेरेसा यांनी १९७९ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना गर्भपात हाच शांततेचा सर्वांत मोठा शत्रू असल्याचे म्हटले होते, आणि चळवळीतील लोक त्याचा आजही आधार घेतात.

तथापि सर्व ख्रिस्ती एका बाजूस होते, असे समजणे चुकीचे ठरेल. १९६७ साली, गर्भपात बेकायदा असताना, न्यूयॉर्कमधील काही धर्मगुरूंनीच अडचणीतील स्त्रियांना सुरक्षित डॉक्टरांकडे पाठविण्यासाठी सल्लासेवा सुरू केली होती.

पदपथावर काय घडते

कॅथलिक गट बहुधा रोझरी म्हणतात. हातात जपमाळ, ओठांवर संथ स्वरातील प्रार्थना. इव्हँजेलिकल गट बायबलमधील वचने वाचतात किंवा उत्स्फूर्त प्रार्थना करतात. त्यांच्यातील एखादा समुपदेशक पुढे होऊन पत्रक देतो, जवळच्या गर्भधारणा साहाय्य केंद्राचा पत्ता सांगतो, मोफत सोनोग्राफी, बाळाचे कपडे किंवा राहण्याची सोय देऊ करतो. ब्रुकलिनमधील धर्मगुरू फिलिप रायली यांनी १९८९ साली सुरू केलेल्या 'हेल्पर्स ऑफ गॉड्स प्रेशस इन्फंट्स' या संस्थेने शांत प्रार्थनेवर भर दिला.

दुसऱ्या बाजूस रंगीत जाकिटे घातलेले केंद्राचे स्वयंसेवक असतात. ते स्त्रीला मोटारीपासून दारापर्यंत सोबत करतात. आत जाणारी प्रत्येक स्त्री गर्भपातासाठीच आलेली असते असेही नाही. कोणी गर्भनिरोधकासाठी, कोणी कर्करोगाच्या तपासणीसाठी आलेली असते. पदपथावरच्यांना हे ओळखता येत नाही, आणि ज्या स्त्रीचा निर्णय पक्का झालेला असतो तिला सौम्य शब्दही टोचू शकतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले, की निदर्शकांशी जितका अधिक संबंध येतो तितका त्या वेळचा मनस्ताप वाढतो. मात्र आठवड्यानंतर स्त्रियांच्या गर्भपाताविषयीच्या भावनांत त्यामुळे फरक पडलेला दिसत नाही.

अडवणूक आणि हिंसा

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'ऑपरेशन रेस्क्यू' या संघटनेने प्रवेशद्वारेच रोखण्यास प्रारंभ केला. १९९१ च्या उन्हाळ्यात कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात अनेक आठवडे चाललेल्या आंदोलनात अडीच हजारांहून अधिक वेळा अटक झाली. मार्च १९९३ मध्ये फ्लोरिडात डॉ. डेव्हिड गन यांची हत्या झाली. डिसेंबर १९९४ मध्ये बोस्टनजवळील ब्रुकलाइन येथे दोन केंद्रांवर झालेल्या गोळीबारात दोन स्वागतिका मृत्युमुखी पडल्या. विचिटाचे डॉ. जॉर्ज टिलर यांना ३१ मे २००९ रोजी, रविवारी, त्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये गोळी घालण्यात आली. चळवळीतील प्रमुख संघटनांनी या हत्यांचा निषेध केला. परंतु दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे निर्धास्तपणे पाहणे त्यानंतर केंद्रांतील कर्मचाऱ्यांना शक्य राहिले नाही.

फुटांत मोजलेला कायदा

मे १९९४ मध्ये संमत झालेल्या संघराज्याच्या कायद्याने बळाचा वापर, धमकी आणि प्रवेश रोखणे हे गुन्हे ठरविले. शांत प्रार्थना व संवाद यांना त्याने हात लावला नाही. तेथून पुढे प्रश्न उरला तो अंतराचा. १९९४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडातील एका केंद्राच्या प्रवेशद्वारांभोवतीचे ३६ फुटांचे निर्बंधक्षेत्र मान्य केले. २००० साली 'हिल विरुद्ध कोलोरॅडो' खटल्यात, दारापासून १०० फुटांच्या आत संमतीशिवाय कोणाच्या ८ फुटांहून जवळ जाऊन पत्रक देण्यास किंवा समुपदेशन करण्यास मनाई करणारा कायदा वैध ठरला. मात्र २०१४ साली मॅसॅच्युसेट्सचे ३५ फुटांचे क्षेत्र न्यायालयाने एकमताने रद्द केले. या खटल्यातील वादी एलिनॉर मॅककलन या सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई होत्या. आपण घोषणा देत नाही, हळू आवाजात बोलतो आणि ३५ फुटांवरून असे बोलता येत नाही, हे त्यांचे म्हणणे न्यायालयास पटले. अडवणूक रोखायची तर राज्याने अडवणुकीवरच कायदा करावा, असा निकालाचा आशय होता.

ब्रिटनने वेगळा मार्ग निवडला. इंग्लंड व वेल्समध्ये ३१ ऑक्टोबर २०२४ पासून गर्भपात केंद्राभोवती १५० मीटरचे क्षेत्र लागू झाले असून, त्यात कोणाच्या निर्णयावर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न हाही गुन्हा आहे. त्यापूर्वीच, डिसेंबर २०२२ मध्ये, स्थानिक आदेशान्वये बर्मिंगहॅममध्ये मनातल्या मनात प्रार्थना करणाऱ्या एका स्त्रीला अटक झाली होती. पुढे ती निर्दोष ठरली. मौन प्रार्थना हा विचार मानावा की कृती, हा प्रश्न तेव्हापासून तेथे धुमसत आहे.

ब्रायन शहराचे उदाहरण

२००४ साली टेक्सासमधील ब्रायन आणि कॉलेज स्टेशन या जुळ्या शहरांत 'फॉर्टी डेज फॉर लाइफ' ही मोहीम सुरू झाली. बायबलमध्ये चाळीस या संख्येला विशेष अर्थ आहे. येशूनेही अरण्यात चाळीस दिवस उपवास केला होता. त्यावरून चाळीस दिवस, अहोरात्र, पाळीपाळीने केंद्राबाहेर प्रार्थना करण्याची कल्पना पुढे आली. सहभागी होणाऱ्यांकडून शांततेचे लेखी वचन घेतले जाते. २००७ पासून ती राष्ट्रीय मोहीम झाली. ब्रायनच्या केंद्राच्या संचालिका ॲबी जॉन्सन यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये राजीनामा दिला आणि त्या कुंपणापलीकडच्या लोकांत सामील झाल्या. त्यांच्या कथनातील तपशिलांबाबत केंद्र चालविणाऱ्या संस्थेने आणि पत्रकारांनी शंका घेतल्या. जॉन्सन मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. राज्याच्या निधीकपातीच्या पार्श्वभूमीवर २०१३ साली ते केंद्र बंद झाले. पुढे त्याच वास्तूत मोहिमेचे मुख्यालय आले. एका बाजूने त्याला प्रार्थनेचे फळ मानले. दुसऱ्या बाजूला दिसली ती गरीब स्त्रियांची एक दवाखान्याची सोय गेल्याची हानी.

२०२२ नंतर

२४ जून २०२२ रोजी 'रो' निकाल रद्द झाला आणि गर्भपाताचा निर्णय राज्यांकडे गेला. बंदी घालणाऱ्या राज्यांतील केंद्रे बंद पडली, पण पदपथ ओस पडले नाहीत, ते सरकले. बंदी असलेल्या राज्यांना जवळ असलेल्या इलिनॉयमधील कार्बनडेल शहरात नवी केंद्रे निघाली, त्यांच्यामागोमाग समुपदेशकही आले. शहराने 'हिल' धर्तीचा नियम केला आणि नंतर मागे घेतला. त्यावरील याचिका फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकण्यास नकार दिल्याने 'हिल' निकाल कायम राहिला. दुसरीकडे, २०२३ साली अमेरिकेतील औपचारिक आरोग्यव्यवस्थेमार्फत झालेल्या गर्भपातांपैकी ६३ टक्के गोळ्यांद्वारे झाले, आणि त्यांतील काही गोळ्या तर टपालाने घरी येतात. तेथे ना दार आहे, ना पदपथ.

अर्धशतकाच्या या वादात न्यायालयांनी ८ फूट, ३५ फूट, ३६ फूट अशी मापे लावून पाहिली. पदपथावरची व्यक्ती म्हणते, शेवटच्या क्षणी कोणीतरी आपुलकीने विचारावे म्हणून मी येथे आहे. आत जाणारी स्त्री म्हणते, हा क्षण माझा एकटीचा आहे. अंतर मोजता येते. त्या अंतरातून पोचणारा शब्द करुणेचा आहे की न्यायनिवाड्याचा, हे मात्र ऐकणारीच ठरविते.