मराठी वृत्तपत्रीय चित्रमालिका

वृत्तपत्राच्या ठरलेल्या जागेत, ठरलेली पात्रे घेऊन, बहुधा दोन ते चार चौकटींत रोज किंवा दर आठवड्याला येणारी विनोदी वा साहसी चित्रकथा. व्यंगचित्रकार आणि वृत्तपत्रवाले तिला ‘स्ट्रिप’ म्हणतात. एका चौकटीत आटोपणारे पॉकेट कार्टून, राजकीय व्यंगचित्र आणि दिवाळी अंकातले हास्यचित्र ही तिची भावंडे. मराठीत त्यांचा इतिहास वेगवेगळा सांगता येत नाही. चित्रकार बहुतांशी तेच होते आणि वाचकही तेच. मराठी रेषेची भरभराट मात्र आधी मासिके, साप्ताहिके आणि वार्षिकांत झाली. दैनिकाने तिला रोजची हक्काची जागा उशिरा दिली.

पाश्चात्त्य वृत्तपत्रांत या प्रकाराची सुरुवात रिचर्ड औटकॉल्टच्या ‘यलो किड’पासून धरतात. ५ मे १८९५ रोजी हे पोर न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये झळकले. त्याची आठवण म्हणून ५ मे हा दिवस जगभर व्यंगचित्रकार दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तोवर लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे अनुकरण सुरू झाले होते. मुंबईत पारशी मंडळींनी काढलेले ‘हिंदी पंच’ आणि ठाण्याचे मराठी ‘हिंदू पंच’ ही त्यातली ठळक नावे. मराठी मासिकात व्यंगचित्राला मानाचे पान मिळाले ते शंकरराव किर्लोस्करांमुळे. १९२० मध्ये निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ पुढे ‘किर्लोस्कर’ झाले. संपादक स्वतःच चित्रकार असल्याने बुवाबाजी, हुंडा, जातिभेद यांवरचे फटके लेखांइतकेच चित्रांतूनही बसू लागले. ‘टाकांच्या फेकी’ हे त्यांच्या व्यंगचित्रांचे नाव जुन्या वाचकांच्या अजून तोंडी आहे.

दैनिके मागे का राहिली, याचे एक मोठे कारण छापखान्यात सापडते. खिळ्यांच्या छपाईच्या काळात प्रत्येक चित्राचा ब्लॉक करावा लागे. मूळ रेखाटनाचा फोटो घेऊन तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, रेषा सोडून बाकीचा भाग तेजाबाने खाली बसवायचा, मग तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणायचा. ब्लॉकचा दर चौरस इंचावर. एकच ब्लॉक आठवड्यातून एकदा करणे परवडे. रोज तीन-चार चौकटींचा करणे लहान पत्राच्या आवाक्याबाहेरचे होते. त्या काळच्या चित्रांत ठसठशीत काळी रेषा, मोकळी पांढरी जागा आणि छटेऐवजी आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिसते, तीही याच तंत्रामुळे. करड्या छटेला हाफटोन ब्लॉक लागे आणि वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर तो काळा पडे. ऑफसेट छपाई रुळल्यावर ही अडचण सरली.

मासिकांचे चित्र याच्या नेमके उलट. मडगावला जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी (१९१६–१९७१) ‘दीपावली’ काढून वार्षिकाच्या चित्रांचा दर्जाच बदलून टाकला. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ने शि. द. फडणीसांना मुखपृष्ठ दिले. शब्दावाचून हसवणारे मुखपृष्ठ मराठीत रुजवले ते फडणीसांनी, असे निःसंकोच म्हणावे. ‘मोहिनी’वरचे त्यांचे एक चित्र पाहा: शेजारी उभे असलेले तरुण-तरुणी, एकाच्या कपड्यावर मांजरे छापलेली, दुसऱ्याच्या कपड्यावर उंदीर. त्या छापील प्राण्यांमध्येच सारी गोष्ट घडते; माणसांना त्याची खबरही नसते. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ने १९५१ पासून खिडकीचित्रांचा खेळ मांडला. कापलेल्या पानातून दिसणारा तुकडा वाचकाच्या मनात भलताच संशय उभा करी आणि पान उलटले की निरागस चित्र समोर येई. दोन चौकटींची चित्रमालिकाच ती, फक्त दुसरी चौकट पानाआड दडवलेली.

व्यंगचित्रकार वसंत सरवटे (१९२७–२०१६) पेशाने स्थापत्य अभियंता. ‘ललित’मधल्या ठणठणपाळाला म्हणजे जयवंत दळवींच्या सदराला त्यांनी जो हातोडेवाला देह दिला, तो इतका चपखल होता की लेखकाआधी वाचकांना चित्र ओळखीचे झाले. परदेशी व्यंगचित्रकारांची मराठीत ओळख करून देणारे ‘परकी चलन’ही त्यांचेच. या कलेवर गंभीरपणे लिहिणारे मराठीत फार थोडे. त्यांत सरवट्यांचे स्थान पहिले.

राजकीय व्यंगचित्राची सर्वांत मोठी मराठी घटना म्हणजे ‘मार्मिक’. ‘फ्री प्रेस जर्नल’मधील नोकरी सोडून बाळ ठाकरे यांनी बंधू श्रीकांत यांच्यासह १३ ऑगस्ट १९६० रोजी हे साप्ताहिक सुरू केले. प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाले. डेव्हिड लो या ब्रिटिश व्यंगचित्रकाराचा ठाकऱ्यांवर मोठा प्रभाव होता. ब्रशचा जोरकस फटकारा आणि चेहऱ्याची अचूक पकड यांत तो जाणवतो. ‘रविवारची जत्रा’ हे मधले पान आठवड्याच्या घडामोडींचे चित्रमय कथानकच असे. या पानांमागून एक राजकीय संघटना उभी राहिली, त्यामुळे त्यांच्याकडे निव्वळ चित्रे म्हणून पाहणे बहुतेकांना जमत नाही. रेषेचा अभ्यास करणाऱ्याने ते जमवावे.

आयात चित्रमालिकांचा प्रवाह शेजारून वाहत होता. ली फॉकचा मँड्रेक १९३४ चा, वेताळ (फँटम) १९३६ चा. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि ही पात्रे मराठीतही बोलू लागली. १९७६ मध्ये त्यांत आबिद सुरतींचा ‘बहादूर’ आला. आयात चित्रांतले संवादांचे मूळ फुगे इंग्रजीच्या मापाने आखलेले. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा आणि खाली उकार यांसाठी जादा उंची लागते. त्यामुळे संवाद आखूड करणे आणि अक्षर दाबून बसवणे भाग पडे. अनंत पैंच्या ‘अमर चित्र कथा’ने (१९६७) राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांना देशभरचा वाचक दिला. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ इंग्रजी पत्रातला, पण मुंबईत घडलेला. मराठी माणसाने त्याला कधी परका मानले नाही.

अस्सल मराठी दैनिक चित्रमालिका म्हणावी अशी ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी ती नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू केली, कल्पना दोघांच्या, रेखाटन पंडितांचे. चिंटू, त्याचे आई-पप्पा, पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, नेहा, सतीशदादा आणि जोशीकाकू एवढ्या माणसांवर ती दोन दशकांहून अधिक चालली. तिचे यश विनोदाइतकेच मापाचे आहे. पहिल्या चौकटीत घरातली साधी गोष्ट, मधल्यांत मोठ्यांचे बोलणे, शेवटच्या चौकटीत पोराचे उत्तर. पार्श्वभूमी जवळजवळ नाहीच. दार, टेबल, क्रिकेटची बॅट यांवर काम भागते. मध्यमवर्गीय मराठी घराची वीस वर्षांची बोली इतक्या नेमकेपणाने नोंदवलेला दुसरा मजकूर सहज सापडणार नाही. २०१२ मध्ये चिंटूवर चित्रपटही निघाला.

बोटींच्या काळात कोकणच्या किनाऱ्यावर व्यंगचित्रे उशिरा आणि हातोहात पोचत. राजापूर तालुक्यातल्या नाटे गावाला लागून असलेल्या मुसाकाजी बंदरात मुंबईच्या किनारी बोटी थांबत. पावसाळ्यात त्या बंद. मुंबईचा छापील मजकूर यायचा तो टपालाने नाहीतर चाकरमान्याच्या ट्रंकेतून, आणि ट्रंकेत रोजच्या पत्रापेक्षा दिवाळी अंकाला जागा मिळे. दिवाळी अंक वर्षभर हातोहात फिरे. गावातल्या माणसाला व्यंगचित्र आधी वार्षिकांतून भेटले, याचे हेही एक कारण. रत्नागिरी जिल्ह्याची वाचनपरंपरा मात्र जुनी. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे आहे.

मराठी व्यंगचित्रकारांची ‘कार्टूनिस्ट्स कंबाइन’ ही संघटना संमेलने व प्रदर्शने भरवते. विकास सबनीस, ज्ञानेश सोनार, श्याम जोशी, प्रभाकर झळके, खलील खान, पुण्यात वाहतुकीच्या शिस्तीसाठी चौकात उभे राहून स्वतःची व्यंगचित्रे वाटणारे मंगेश तेंडुलकर अशी या बिरादरीतली नावे. ज्येष्ठांनी नवोदितांची चित्रे पाहून दुरुस्त्या सांगायच्या, ही रीत संघटनेने जपली. महाविद्यालयात न शिकवली जाणारी ही कला बव्हंशी अशीच शिकली गेली आहे.

जतनाची स्थिती चिंताजनक आहे. दिवाळी अंक कपाटात राहिले. दैनिक मात्र महिन्याअखेर रद्दीत जाते आणि त्यातली चित्रमालिकाही. पुस्तकरूपाने आले तेवढेच हाती उरले. कोकणातल्या घरांच्या माळ्यावर, ग्रामवाचनालयांच्या फडताळांत जुने गठ्ठे अजून आहेत. ते काढून टाकण्याआधी चित्रे असलेली पाने अखंड ठेवावीत, कात्रण केल्यास पत्राचे नाव व तारीख मागे पेन्सिलीने लिहावी, आणि जवळच्या वाचनालयाला कळवावे.