थीम पार्टी आपल्याकडं आधीपासूनच होती: बोरन्हाण, बारसं आणि कोयनानगर

हा भाग ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण आत्ता एका कामात असणार, हे मला माहीत आहे. घरात कुणाचं तरी बाळ वर्षाचं होतंय आणि तुम्ही फोनवर थीम शोधताय. जंगल थीम, ढगांची थीम, छोटा शेतकरी. आई म्हणते, "आमच्या वेळी नव्हतं बाई हे असलं काही." तर आज आपण आईचं हे म्हणणं जरा तपासून बघू.

आधी ठरवूया की थीम पार्टी म्हणजे काय. ठरलेला रंग, ठरलेला पोशाख, ठरलेला खाऊ, एखादा खेळ, आणि मधोमध बाळ. आता संक्रांतीनंतरचं बोरन्हाण आठवा. रंग काळा. पोशाख म्हणजे काळं झबलं किंवा परकर-पोलकं, वर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, हातात बासरी. खाऊ म्हणजे बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, रेवड्या, बत्तासे. खेळ म्हणजे हे सगळं बाळाच्या डोक्यावरून ओतायचं आणि जमलेल्या पोरांनी लुटायचं. सांगा बरं, यात काय कमी आहे? फक्त 'थीम' हा शब्द नाही.

आणि ही थीम कुणी बसून ठरवली नव्हती, ती हंगामातून आली. संक्रांत ते रथसप्तमी हा बोरन्हाणाचा काळ. थंडी असते, म्हणून ऊब धरून ठेवणारा काळा रंग. त्यावर पांढरा हलवा उठूनही दिसतो. सातारा जिल्ह्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. माण-खटावच्या कोरड्या माळावर बोरं पिकलेली असतात, कराडकडं उसाची तोड चालू असते, रब्बीच्या रानात हरभरा घाट्यावर आलेला असतो. बाळाच्या डोक्यावरून ओतलेलं ते सूपभर म्हणजे त्या महिन्यात आजूबाजूच्या रानात जे पिकलं, तेच असतं.

हलव्याचंही ऐका. मंद आचेवर परात ठेवायची. त्यात तीळ, खसखस किंवा साबुदाणा. त्यावर साखरेचा पाक चमचा-चमचा घालायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. दाण्यावर हळूहळू काटा धरतो. घाई केली की गोळा होतो, आच वाढली की रंग जातो. हे काम तासांचं नाही, दिवसांचं. त्यात एकटं माणूस कंटाळून जाईल, म्हणून शेजारणी मिळून बसायच्या. पुढं हलव्याचे दागिने करून विकणं हा पुण्या-मुंबईत बायकांचा घरगुती उद्योग झाला. म्हणजे 'पार्टीचं सामान बाहेरून मागवणं' हेही काही आजचं नाही.

एक गोष्ट इथंच स्पष्ट सांगतो. हलव्याच्या दागिन्यांचं असं साग्रसंगीत बोरन्हाण सगळ्याच घरांत होत होतं असं नाही. ते जास्त करून शहरी, पांढरपेशा घरांतलं. गावाकडच्या कितीतरी घरांत मुलाचा मोठा सोहळा म्हणजे बारसं, नाहीतर जावळ. पण तिथंही सगळ्यांच्या भूमिका ठरलेल्या. बारशाला आत्यानं कानात 'कुर्र' करून नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. घुगऱ्या वाटायच्या. उष्टावणाला मामानं सोन्याच्या अंगठीनं खिरीचं बोट चाटवायचं. आत्या आणि मामा नसले तर कार्यक्रमच अडतो.

आता कोयनानगरला जाऊ. पाटण तालुका, हेळवाकच्या शेजारी, कुंभार्ली घाट उतरायच्या आधी. १९५० च्या दशकात इथं धरणाचं काम सुरू झालं, १९६४ मध्ये पुरं झालं. १०३ मीटर उंचीची भिंत आणि मागे शिवसागर जलाशय. या कामासाठी अभियंते, कारकून, गवंडी, मजूर महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आणि बाहेरूनही आले. डोंगरात एक वसाहत उभी राहिली. त्याच वेळी पाण्याखाली जाणारी शंभराच्या आसपास गावं उठली. तिथली माणसं ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी विखुरली गेली. पुनर्वसनाचे त्यांचे प्रश्न आजही आंदोलनात आहेत.

या दोन्ही गोष्टींकडं बाळाच्या बाजूनं बघा. वसाहतीतल्या बाळाची आत्या विदर्भात, मामा कोकणात. उठलेल्या गावातल्या बाळाची भावकी चार जिल्ह्यांत. मग 'कुर्र' कोण करणार? अशा वसाहतींमध्ये उत्तर एकच असायचं, शेजार. शेजारच्या काकू आत्या व्हायच्या, समोरच्या क्वार्टरमधले काका मामा व्हायचे. नातं रक्ताचं नसलं तरी भूमिका तीच राहायची. आज पुण्यात, बंगळुरूत, न्यू जर्सीत आपली पोरं जे करतात, बाळाच्या बारशाला मैत्रिणीलाच आत्या करतात, ते धरणांच्या आणि कारखान्यांच्या वसाहतींनी कधीच करून बघितलं होतं.

आणि मग ११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. थंडीतली पहाट, सगळे झोपेत. कोयनेच्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली, दोन हजारांच्या आसपास जखमी झाली, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा तडकली. पुढची संक्रांत जेमतेम पाच आठवड्यांवर होती. ज्या बाळांचं त्या वर्षी पहिलं बोरन्हाण यायचं होतं, त्यांच्या घरांवर त्या महिन्यात छप्परही धड नव्हतं.

इथं रिवाजातली एक सोय लक्षात घेण्यासारखी आहे. बोरन्हाण पहिल्याच वर्षी झालं पाहिजे असं नाही. राहून गेलं तर तिसऱ्या वर्षी करतात, पाचव्या वर्षी करतात. सुतक असेल, आजारपण असेल, पैशाची ओढ असेल, तर बाळाचा आनंद रद्द होत नाही, पुढं ढकलला जातो. ज्यांनी ही पद्धत पाडली त्यांना आयुष्य माहीत होतं. पहिला वाढदिवस 'परफेक्ट' झाला नाही म्हणून रात्री रडणाऱ्या नव्या आयांनी ही सोय वापरावी, असं मला मनापासून वाटतं.

बरं, मग वाढदिवस कुठून आला? तिथीनं वाढदिवस करणारी घरं पूर्वीही होती. सकाळी न्हाऊ-माखू घालायचं, औक्षण करायचं, तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायला द्यायचं, दीर्घायुषी मार्कंडेयाचं स्मरण करायचं. पण त्यासाठी तिथी टिपून ठेवलेली हवी. खेड्यातल्या बहुतेक मुलांचा जन्म कुणी लिहूनच ठेवत नव्हतं. 'मोठ्या पुराच्या साली' किंवा 'सुगीच्या तोंडाला' एवढाच पुरावा. मग शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, "जन्मतारीख?" उत्तर नसलं की लिहायचे १ जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वयाचा हिशेब सोपा पडायचा. म्हणूनच तुमच्या घरातल्या दोन-तीन आजोबांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो! जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला १९६९ मध्ये. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, दाखला हातात आला, आणि मगच तारखेचा वाढदिवस सामान्य घरात शिरला. बारशाला आणि बोरन्हाणाला तारीख लागत नव्हती. एकाला दिवस मोजले की पुरे, दुसऱ्याला हंगाम बघितला की पुरे.

केक आणि मेणबत्त्यांची रीत युरोपातली. जर्मनीत अठराव्या शतकात मुलांच्या वाढदिवसाला केकवर मेणबत्त्या लावायचे आणि येणाऱ्या वर्षासाठी एक जास्तीची. आपल्याकडं हा केक आला तेव्हा घरात ओव्हन नव्हता. मग कुकरच्या तळाशी वाळू पसरली, शिट्टी काढली आणि त्यात रव्याचा केक भाजला. वरून टुटीफ्रुटी. परका पदार्थ, पण करणारे हात घरचेच.

आता जरा अवघड भागाकडं येऊ. हे सोहळे सगळ्यांचे होते का? नव्हते.

याच सातारा जिल्ह्यात कित्येक मुलींचं नाव 'नकुशी' किंवा 'नकुसा' असं ठेवलं जायचं. म्हणजे नकोशी. मुलगी झाली, पुन्हा मुलगी झाली, आता पुढचा मुलगा व्हावा म्हणून हे नाव. विचार करा, बारशाच्या दिवशी जे पहिलं काही तिच्या कानात सांगितलं गेलं, ते हे. शाळेच्या हजेरीत रोज तेच. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्ह्यातल्या अशा २८५ मुलींना साताऱ्यात जाहीर कार्यक्रमात नवी नावं दिली गेली, नव्या नावाची प्रमाणपत्रं हातात दिली. काहींनी आपलं नाव स्वतः निवडलं. माझ्या दृष्टीनं महाराष्ट्रातलं अलीकडच्या काळातलं सगळ्यात महत्त्वाचं बारसं ते. पाळणा नव्हता. बऱ्याच मुली शाळेत जायच्या वयाच्या होत्या. पण बारशाचं खरं काम तिथं झालं. चारचौघांसमोर सांगणं, की तू आम्हाला हवी आहेस.

दुसरं, आजीचं. बोरन्हाण बहुतेक वेळा हळदीकुंकवाला जोडून करतात. आजोबा गेलेले असले तर ज्या आजीनं रात्रभर हलवा हलवला, तीच औक्षणाच्या वेळी आतल्या खोलीत उभी राहायची. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या बाबतीतल्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं आवाहन केलं. ठराव कागदावर होतो, अमलात मात्र आपल्या हॉलमध्येच येतो. पहिली ओंजळ आजीच्या हातात द्या. तुमच्या पार्टीत यापेक्षा मोठी 'थीम' कुठली असणार?

तर आता तुमच्या कार्यक्रमाकडं. इतिहासातून चार कामाच्या गोष्टी घ्या.

पहिली, थीम बाहेर शोधण्याआधी खिडकीतून बघा. कोयनेसारख्या मुसळधार पावसाच्या मुलखात जुलैचा वाढदिवस असेल तर पाऊस हीच थीम. कागदी होड्या, जुन्या छत्रीला लटकवलेले कापसाचे ढग, भाजलेलं मक्याचं कणीस. मे महिन्यात करवंदं, जांभळं, आंब्याची पानं. दिवाळीच्या आसपास असेल तर पोरांना मातीचा किल्ला करू द्या. आपल्याकडची मुलं हे 'डेकोरेशन' पिढ्यानपिढ्या स्वतःच करत आली आहेत.

दुसरी, खेळ सोपा ठेवा. आपल्याकडच्या हादग्यात खिरापत झाकून ठेवतात आणि सगळ्यांनी ओळखायची असते. डबा हलवून, वास घेऊन, अंदाज बांधून. चार वर्षांच्या पोरांना हा खेळ आजही अर्धा तास पुरतो आणि खर्च शून्य.

तिसरी, जिवाची काळजी. बोरं, हरभरे, शेंगदाणे, टणक गोळ्या चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात. फुटलेल्या फुग्याचा तुकडाही तसाच. लहान बाळ असेल तर बोरं मोठ्यांना लुटू द्या, बाळावरून चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओता. तेही हळूच, आणि नंतर सगळं वेचून घ्या. दागिन्यांचा दोरा गळ्याला सैल असू द्या, फोटो झाला की लगेच काढा. बालरोगतज्ज्ञ दोन वर्षांपर्यंत साखर नको म्हणतात, तेव्हा हलवा बघण्यापुरता. आणि वेळ बाळाच्या झोपेनंतरची. दीड तास भरपूर झाला.

चौथी, कामं वाटून द्या. एकटीनं रात्री दोनपर्यंत जागून कागद कापायचे आणि सकाळी फोटोत हसायचं, हे 'घरगुती' नाही. आत्याला एक काम, मामाला एक काम, समोरच्या काकूंना एक काम. कोयनानगरसारख्या वसाहती यावरच चालल्या. आलेल्या माणसाच्या हाताला काम मिळालं की ते पाहुणं राहत नाही.

आणि या आठवड्यात एवढं करा. आजीला, काकूला किंवा शेजारच्या आजोबांना फोनचा रेकॉर्डर चालू करून विचारा: तुमचं बारसं कुणी केलं, नाव कुणी ठेवलं, पहिल्यांदा वाढदिवस कधी साजरा झाला? कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावातलं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्यांना आधी विचारा. ऐकलेलं आम्हाला पाठवा, पण त्याआधी घरात सगळ्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात.