घोडा विकताय? पैशाआधी स्वार बघा; पोराच्या हाती घोडा देताना काय तपासायचं

वळसंग (ता. दक्षिण सोलापूर) : दारातला घोडा विकायचा म्हटलं की वळसंग, कुंभारी, कर्जाळ भागातल्या मालकापुढं दोन वाटा असतात. एक बाजाराची. जिल्ह्यातच अकलूजला दिवाळीच्या सुमारास बाजार समितीचा घोडेबाजार भरतो. लांब जायची तयारी असेल तर दत्त जयंतीला तापीकाठचं सारंगखेडा आहे, लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा आहे. सोलापूरच्या गड्ड्यातही जनावरांचा बाजार असतो, पण तो मुख्यतः बैलांचा, खिलारांचा. दुसरी वाट ओळखीपाळखीची. शेजारच्या गावातला एखादा चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा घोड्यासाठी बापाच्या मागं लागलेला असतो, आणि एक दिवस बापलेक दारात येऊन उभे राहतात.

बाजारात व्यापारी पैसे मोजतो, घोडा गाडीत चढवतो आणि विषय संपतो. पोराला घोडा दिला की विषय तिथून सुरू होतो. घोडा रोज डोळ्यांपुढून जाणार, पोरगं पडलं तर पहिलं नाव विकणाऱ्याचं निघणार. हात मोडला, डोक्याला मार लागला तर दोन घरांचं बोलणं बंद होतं आणि घोडा महिन्याभरात तिसऱ्याच माणसाकडं, मिळेल त्या भावात जातो. म्हणून जाणते घोडेवाले भाव ठरवायच्या आधी स्वार बघतात.

आपला घोडा कशाला सरावलेला आहे?

ही गोष्ट मालकाला माहीत असते, पण सांगताना सगळ्यांचा घोडा 'एकदम गरीब' होतो. गरीब कशात, ते सांगायला पाहिजे. वरातीचा घोडा बँड, फटाके, गर्दीत उभा राहतो, त्यामुळं शांत वाटतो. पण त्याला आयुष्यभर कुणीतरी दोरीला धरून चालवलेलं असतं. वर बसलेल्याच्या टाचेचं आणि लगामाचं त्याला फारसं कळत नाही. मोकळ्या रस्त्यावर एकट्या पोरानं तो काढला की अडतो नाहीतर घराकडं पळतो. नाचायला शिकवलेला घोडा हलगी ऐकली की पाय उचलायला लागतो. वर कोण बसलंय हे तो बघत नाही. पुणे जिल्ह्यात बैलगाड्यापुढं पळवतात तसली घोडी जोरात सुटायलाच शिकलेली असते. ती नवख्याच्या हाती देणं म्हणजे पोराला ब्रेक नसलेली मोटरसायकल देणं.

धनगरांच्या कळपाबरोबर ओझं वाहणारी भीमथडी तट्टं वेगळी. भीमा आणि तिच्या आसपासच्या नद्यांच्या खोऱ्यातली ही आपली जात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे. अंगानं लहान, खायला कमी, पायाला पक्की. हलक्या अंगाच्या पोराला याहून सोयीचं जनावर आपल्या भागात मिळणं अवघड. मात्र ओझ्याचं तट्टू आणि बसायचं तट्टू एक नव्हे. पाठीवर पोतं घेणारं जनावर माणूस घेईलच असं नाही, ते आधी शिकवावं लागतं.

आषाढीच्या वारीत सदाशिवनगर, खुडूस, वाखरीचं रिंगण बघून बऱ्याच पोरांना घोड्याचं वेड लागतं. तिथं एका घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसरा माऊलींचा अश्व रिकामा धावतो. तो स्वार मुरलेला असतो, ते काम एका उन्हाळ्यात जमत नाही, हे बापाला विकणाऱ्यानंच सांगितलेलं बरं.

वय दातावरून कळतं. साधारण अडीच वर्षांला पुढचे मधले दुधाचे दात पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. पाच वर्षांला तोंड भरतं. त्यापुढं दाताच्या झिजेवरून अंदाजच. शिकाऊ पोराला दोन-तीन वर्षांचं शिंगरू देऊन 'दोघं मिळून शिकतील' म्हणणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात दोघंही एकमेकांना घाबरायला शिकतात. नवख्या पोराला आठ ते पंधरा वर्षांचा, बरंच जग बघितलेला घोडा बरा. नीट ठेवला तर घोडा पंचवीस वर्षं जगतो, तेव्हा बारा वर्षांचा म्हणजे म्हातारा नव्हे. घोडीला माज आला की ती थोडी चिडकी होते, साधारण २१ दिवसांनी हे पाळीनं येतं, तेही सांगून ठेवावं. कच्चा घोडा, म्हणजे खस्सी न केलेला नर, शाळकरी पोराला देऊ नये.

भोवऱ्या, देवमण, पंचकल्याणी यावर बाजारात भाव चढतो आणि पडतो. ज्याची श्रद्धा त्यानं बघावं. पण पोराची हाडं भोवरी सांभाळत नाही.

वजनाचा हिशोब टेपनं होतो

घोड्यानं पाठीवर खोगिरासकट आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझं घ्यावं, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप चालते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्यायचा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८७७, की वजन किलोत येतं. घेर १५० आणि लांबी १३५ असेल तर वजन साधारण २५५ किलो. त्याचा पाचवा हिस्सा ५१ किलो. खोगीर, रिकिबी धरून ८ किलो गेले तर स्वार ४३ किलोपर्यंतचा.

आता पोरगा बघा. आज तो ३८ किलोचा आहे, दोन वर्षांत ५५ चा होईल. मग घोडा पुन्हा विकायला निघणार. बापाला हे आधीच दाखवलं तर तो थोडा मोठ्या अंगाचा घोडा शोधेल, किंवा धाकट्या भावाचा विचार करून हाच घेईल. बाजारात 'बासष्ट इंच, चौसष्ट इंच' अशी उंची सांगायची पद्धत आहे. पण पोराला उंची महाग पडते. पडायचं अंतर वाढतं आणि खाली उतरून पुन्हा चढायला दुसऱ्याचा हात लागतो.

पोराची परीक्षा

ती घ्यायला घोड्यावर बसवायची घाई नको. समजा कुंभारीचा चौदा वर्षांचा पोरगा आलाय. त्याला म्हणायचं, घोडा सोडून आण. तो मागून जातो की खांद्याच्या बाजूनं, आधी आवाज देतो की एकदम हात टाकतो, दोरी हाताला गुंडाळून घेतो का, हे बघायचं. दोरी हाताला किंवा कमरेला गुंडाळणाऱ्याला तिथंच थांबवून सांगावं. घोडा बिचकला तर फरपटत नेतो. मग खरारा हातात द्यायचा. चारी खूर उचलून साफ करायला सांगायचे. खोगीर घालताना तंग किती आवळतो ते बघायचं. ज्या पोराला बसायचीच घाई आहे आणि खूर धरायचा कंटाळा आहे, त्याला अजून एक वर्ष दुसऱ्याच्या घोड्यावर शिकू द्यावं.

घोड्यावर पहिल्यांदा मालकानं स्वतः किंवा घरच्या माणसानं बसून दाखवायचं. चालवायचा, दुडकी दाखवायची, उभा करायचा. घोडा रेवाल चालीचा असला तरी पोराच्या पुढं चौखूर उधळून दाखवू नये. तो तेवढंच लक्षात ठेवतो. मग पोराला कुंपण घातलेल्या जागेत बसवायचं. फेट्यानं डोकं वाचत नाही, हेल्मेट पाहिजे. पायात बंद आणि टाच असलेला बूट पाहिजे, कारण चपलेतला पाय रिकिबीतून पलीकडं घुसतो आणि पडल्यावर अडकून राहतो.

पोरगं किती ताठ बसतं यापेक्षा हात बघावेत. तोल गेला की लगाम ओढून धरणारा स्वार घोड्याचं तोंड फाडतो, आणि काही दिवसांत गरीब घोडाही मागच्या पायावर उभा राहायला लागतो. सगळ्यात खरी परीक्षा घोडा ऐकत नाही तेव्हा होते. घोडा अडला की पोरगा थांबून पुन्हा विचारतो, की काठी मागतो? काठी मागितली तर बापाकडं बघावं. बहुतेक वेळा ती सवय तिथून आलेली असते.

एका दिवसात निकाल लावू नये. दुसऱ्या खेपेला वेगळ्या वेळी बोलवावं, आणि त्या दिवशी घोडा आधी पळवून दमवून ठेवू नये. काही ठिकाणी विकायच्या दिवशी घोड्याला गुंगीचं औषध दिलं जातं. तो घोडा तिसऱ्या दिवशी नव्या दारात खरं रूप दाखवतो, मग काय होतं ते सांगायला नको.

घरी काय विचारायचं

घोडा कुठं बांधणार, सावली आहे का? सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली घोडा भाजून निघतो. पाणी दिवसाला ३० लिटरच्या आसपास लागतं, उन्हाळ्यात जास्त. टँकरवर असलेल्या वस्तीनं हा हिशोब आधी करावा. नालबंद कोण आहे? नाल ठोकलेली असो नसो, दीड-दोन महिन्यांनी खूर छाटावेच लागतात. आणि शेवटचा प्रश्न, जो कुणी विचारत नाही : पोराची दहावी कधी आहे? परीक्षेच्या वर्षात घोडा चार महिने खुंट्याला उभा राहतो, खाऊन पिऊन मस्तावतो, आणि पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पोरगा त्याच्यावर उडी मारतो. त्या चार महिन्यांत घोडा रोज कोण फिरवणार, याचं उत्तर घरात मोठं माणूस देत नसेल तर सौदा पुढं ढकलावा.

कायदा काय म्हणतो

अठरा वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणं चालत नाही. त्यामुळं विसार असो की पूर्ण रक्कम, पावती बापाच्या किंवा आईच्या नावानं करावी, पोराच्या नाही. पोरानं परस्पर पाठवलेले ऑनलाइन पैसेही घेऊ नयेत.

घोड्याचं वैगुण्य लपवण्याबद्दल याच कायद्याच्या कलम १७ मध्ये उदाहरणच घोड्याचं दिलं आहे. 'अ' लिलावात 'ब' ला घोडा विकतो, तो नादुरुस्त आहे हे 'अ' ला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. पण 'ब' ही 'अ' ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर सांगणं त्याचं कर्तव्य आहे. आणि 'ब' म्हणाला, तुम्ही नाही म्हटलं नाही तर मी घोडा धड आहे असं समजेन, तर तिथं गप्प राहणं हे बोलण्यासारखंच धरतात. गावात गिऱ्हाईक नेमकं हेच विचारतं : 'पाव्हणं, खोड काय नाय ना?' तेव्हा चावणं, लाथ मारणं, ट्रॅक्टरला बिचकणं, हवा गिळणं, जुनं लंगडणं, जे असेल ते सांगावं आणि पावतीवर लिहावं.

'आठ दिवस ठेवा, पटलं तर पैसे द्या' अशी बोली असेल तर वस्तू विक्री कायदा १९३० चं कलम २४ लागू होतं. घेणारा पसंती कळवेपर्यंत किंवा ठरलेली मुदत उलटेपर्यंत घोडा मालकाचाच. वेगळं काही ठरलं नसेल तर तोवरचा धोकाही साधारणपणे मालकाचाच राहतो. म्हणून मुदतीची तारीख, दवाखान्याचा खर्च कुणाचा, आणि घोड्यावर फक्त तो पोरगाच बसणार की गावभर फिरणार, हे कागदावर घ्यावं.

रक्ततपासणी आधी, विसार नंतर

घोड्यांचा ग्लँडर्स हा रोग माणसाला होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. नाकातून चिकट पू, अंगावर गाठी आणि न भरणाऱ्या जखमा ही लक्षणं. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग कायद्यानुसार संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे, आणि बाधित जनावर हलवता येत नाही. पोरगा रोज घोड्याच्या तोंडाशी तोंड लावणार, तेव्हा ही तपासणी टाळू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत रक्ताचा नमुना देता येतो. अहवालाला वेळ लागतो, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधीच नमुना पाठवावा. धनुर्वाताची लस घोड्याला आणि पोराला, दोघांनाही झालेली असावी. पशुसेवेची चौकशी १९६२ या क्रमांकावर करता येते.

घोडा हलवताना

गाडीनं नेताना डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवावा. मोटार वाहन नियमांत एका घोड्याला किमान सव्वादोन चौरस मीटर जागा सांगितली आहे. खाली वाळू किंवा भुसा टाकावा, तोंड आखूड बांधावं, पण गळफास बसणारी गाठ नको. अंतर पाच-सात किलोमीटर असेल तर सकाळच्या उन्हाआधी चालवतच न्यावा, म्हणजे वाट घोड्यालाही कळते.

बरोबर आठ दिवसांचा त्याचा नेहमीचा कडबा, भुसा आणि भिजवायचा हरभरा द्यावा. खाणं एकदम बदललं की पोटशूळ उठतो, आणि घोड्याचा पोटशूळ रातोरात जीव घेतो. नवं खाणं आठ-दहा दिवसांत थोडं थोडं वाढवायचं. कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको. जुनी मोहरकी आणि अंगावरची झूल घोड्याबरोबरच जाऊ द्यावी, वास ओळखीचा राहतो. पहिले दोन दिवस पोरानं बसायचं नाही, नुसता खरारा करायचा, पाणी दाखवायचं, हातानं चारायचं. तिसऱ्या दिवशी जुन्या मालकानं जाऊन पहिली फेरी आपल्या समोर करून घ्यावी. बऱ्याच खोडी त्याच दिवशी कळतात, आणि तोवर पावतीतली मुदत शिल्लक असते.